प्रतीक, स्थान आणि सोबत : कोल्हापूर परिसरातील हिंदू व बौद्ध कलाचिन्हांचे वाचन

प्रस्तावना

कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा गंडरादित्य याच्या शके १०३२ म्हणजे इ. स. १११० च्या दानपत्रात एक लक्षणीय नोंद आढळते. मिरज प्रांतातील इरुकुडी या गावी त्याने 'गंडसमुद्र' नावाचा मोठा तलाव बांधविला आणि तलावाच्या काठी ईश्वर, बुद्ध व अर्हत् अशा तीन देवांची स्थापना करून प्रत्येकासाठी जमीन तोडून दिली. याच राजाने आजऱ्यास जैन मंदिर उभारले, आणि त्याच्या घराण्याच्या बिरुदावलीत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख अभिमानाने केला जाई. बाराव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिण महाराष्ट्रात बुद्धमूर्तीची स्थापना व्हावी ही बाब इतिहासकारांना विशेष वाटली, ते योग्यच आहे. तथापि या नोंदीचा उपयोग बहुधा 'धार्मिक सहिष्णुतेचे उदाहरण' एवढ्यापुरताच केला जातो आणि तिच्यात दडलेला कलेतिहासाचा प्रश्न बाजूला राहतो.

तो प्रश्न असा. पद्मपीठ, प्रभावलय, छत्र, सिंहासन ही चिन्हे तिन्ही परंपरांत चालत होती. शिल्पी बहुधा त्याच प्रदेशातले, दगडही तोच. असे असता तलावावर पाणी भरावयास आलेल्या माणसाला तीन देवांतील भेद कशावरून कळत असेल? केवळ कमळावरून तो कळणे शक्य नव्हते, केवळ नागफणेवरूनही नव्हते. भेद कळत होता तो चिन्ह कोठे आहे, त्याच्या सोबत दुसरी कोणती चिन्हे आहेत आणि त्या मूर्तीपुढे कोणता विधी चालतो यांवरून. स्थान, सोबत आणि विधी या तिन्हींच्या संयोगातून प्रतीकाला अर्थ येतो. सुटे चिन्ह कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नसते, हे कोल्हापूर परिसरातील व त्याच्याशी संबंधित अन्य स्थळांवरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ अभ्यासिकेपुरता नाही. एखाद्या मूर्तीवरील एका चिन्हाचा आधार घेऊन 'हे मूळचे आमचे' असा दावा करण्याची प्रवृत्ती सर्वच बाजूंनी दिसते, आणि अभ्यास सहलीला आलेले विद्यार्थी असे दावे प्राध्यापकांसमोरच विचारतात.

बौद्ध कोल्हापूर

कोल्हापूर म्हटले की अंबाबाईचे मंदिर डोळ्यांपुढे येते. त्यामुळे या नगराचा बौद्ध काळ सहसा विस्मरणात जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात एका मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यातील अवशेषपात्राच्या दगडी झाकणावर प्राचीन ब्राह्मी लिपीतील छोटा लेख होता. हे दान ब्रह्म नावाच्या व्यक्तीचे असून काम धम्मगुप्ताने करवून घेतले, एवढाच त्याचा आशय आहे. दात्याचे नाव ब्रह्म आणि दान स्तूपाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नावावरून उपासना ओळखण्याची सवय तेव्हापासूनच धोक्याची होती असे म्हणावे लागते.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले. सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचा पुरावा त्यातून पुढे आला. याच टेकडीवर मिळालेल्या कांस्य वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी मूर्ती आहे. ती आज टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळते. या मूर्तीवरून प्राचीन कोल्हापुरात पोसायडनची उपासना होत होती असे कोणी म्हणत नाही. ती व्यापाराच्या वाटेने आली, एवढेच सारे मान्य करतात, कारण तिच्याभोवती मंदिर नाही, पूजेची साधने नाहीत, दानलेख नाही. परक्या मूर्तीच्या बाबतीत आपण जी सावधगिरी सहज बाळगतो ती ओळखीच्या चिन्हांच्या बाबतीत मात्र सुटते.

जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळे येथील लेणी आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरील पांडवदरा ही बौद्ध लेणी शहरापासून फार दूर नाहीत. 'पांडवदरा' या नावातच एका वाचनाचा इतिहास आहे. भिक्षुसंघ निघून गेल्यावर ओस पडलेल्या खोल्यांचे स्पष्टीकरण लोकमानसाने महाभारतातील वनवासाच्या आधारे केले. नाशिकची पांडवलेणी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज गणपती आहे, तर कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. वास्तू तीच राहिली, विधी बदलला आणि त्याबरोबर अर्थही बदलला. या बदलाला केवळ 'आक्रमण' किंवा केवळ 'समन्वय' म्हणणे हे दोन्ही घाईचे ठरेल; प्रत्येक स्थळाचा पुरावा वेगळा तपासावा लागतो.

हत्ती : एक प्राणी, तीन कामे

सामाईक प्रतीकांमध्ये हत्तीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथे विहाराच्या जोत्यावर हत्तींची ओळ कोरलेली आहे. ती पाहताना सारी वास्तू हत्तींनी पाठीवर तोलून धरली आहे असा भास होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीतही दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या तळाशी भव्य हत्ती आहेत. ही योजना इसवी सनाच्या आगेमागेच्या शतकांतील बौद्ध शिल्पींची. आठव्या शतकात वेरूळच्या कैलास लेण्यात तीच कल्पना प्रचंड प्रमाणावर येते. तेथे शिवाचे संपूर्ण मंदिर हत्ती व सिंहांच्या थरावर उभे आहे. पुढे बाराव्या शतकात कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराभोवती गजथर फिरतो, आणि तेथील हत्तींवर देवता आरूढ झालेल्या दिसतात.

पितळखोऱ्यापासून खिद्रापूरपर्यंत सुमारे बाराशे वर्षांचे अंतर आहे. धर्म बदलला, राजवंश बदलले, डोंगर खोदण्याऐवजी दगड रचून बांधण्याचे तंत्र आले. तरीही जोत्यावरचा हत्ती आपले काम करीतच राहिला. ते काम भार वाहण्याचे आहे. या ठिकाणी तो 'बौद्ध हत्ती' किंवा 'शैव हत्ती' नाही. वास्तू पृथ्वीवर भक्कम उभी आहे, आणि ती सामान्य घरापेक्षा वेगळ्या योग्यतेची आहे, हे तो सांगतो. खिद्रापूरच्या शिल्पींनी त्यात देवतांची भर घातली, त्यामुळे अर्थ अधिक स्पष्ट झाला. विश्वाचा भार पेलणाऱ्या दिग्गजांची पौराणिक कल्पना जुन्या गजथराशी येथे एकरूप होताना दिसते.

हाच हत्ती जोत्यावरून उचलून देवीच्या दोन बाजूंना ठेवला की त्याचे काम पालटते. सोंडेतील घटाने देवीवर पाणी ओतणारे दोन हत्ती म्हणजे पावसाचे मेघ, आणि देवी म्हणजे पिकणारी भूमी व तिची समृद्धी. सांची व भारहूतच्या स्तूपांवर हे शिल्प आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत उमललेल्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये लक्ष्मी आणि हत्ती कोरलेले आहेत. सांचीतील अशा शिल्पांत फ्रेंच अभ्यासक फुशे यांना बुद्धाची माता मायादेवी दिसली. आनंद कुमारस्वामी यांनी श्री-लक्ष्मीच्या प्राचीन परंपरेकडे लक्ष वेधले. दोघांनी एकच दगड पाहिला होता. पुढे कैलास लेण्याच्या प्रवेशानंतर समोरच भव्य गजलक्ष्मी येते, आणि दख्खनमधील असंख्य हिंदू व जैन मंदिरांच्या द्वारपट्टीवर तीच बसलेली दिसते. परिणामी दारावर गजलक्ष्मी आहे यावरून मंदिर कोणाचे हे ठरविता येत नाही. ते ठरविण्यासाठी दार ओलांडून गाभाऱ्यापर्यंत जावेच लागते.

तिसरे काम कथेतले. मायादेवीच्या स्वप्नात श्वेत हत्ती येतो तेव्हा तो भारवाहक नसतो आणि मेघही नसतो. बोधिसत्त्वाचे अवतरण तो दर्शवितो. येथे निद्रिस्त राणी ही त्याची सोबत आहे, आणि तिच्याशिवाय तो अर्थ उभा राहत नाही.

घट व गवाक्ष यांविषयी थोडक्यात सांगता येईल. कार्ल्याचे स्तंभ पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर ठेवलेल्या घटातून उगवल्यासारखे दिसतात. लाकडी खांबाचा बुंधा ओल व वाळवी यांपासून वाचावा म्हणून तो भांड्यात ठेवण्याच्या प्रथेतून ही आकृती आली असे एक मत आहे. उपयोगातून जन्मलेला आकार पुढे पूर्णघटाचे मंगल चिन्ह झाला, शिखरावर कळस होऊन चढला आणि नवरात्रात घरोघरी घटस्थापनेत बसतो. चैत्यगृहाची नालाकृती कमानही मूळची लाकडी बांधणीतील. कार्ल्याच्या छताला लाकडी फासळ्या अद्याप आहेत. याच कमानीची लहान प्रतिकृती हिंदू मंदिरांच्या शिखरांवर जाळीसारखी पसरली. तेथे तिच्यातून उजेड येत नाही, पण शिखर हे देवाचे राहते घर आहे ही कल्पना ती जिवंत ठेवते.

म्हाळुंग आणि नाग

करवीरनिवासिनी महालक्ष्मीची मूर्ती ही प्रतीकवाचनाची खरी कसोटी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याने लोकांवरील संकट टळावे म्हणून आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचा उल्लेख शके ७९३ च्या संजाण ताम्रपटात आहे, आणि ती देवी कोल्हापूरचीच असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे नवव्या शतकात या देवीची कीर्ती दूरवर पोहोचलेली होती. मूर्ती चतुर्भुज असून तिच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र आहे. मस्तकावर नाग, लिंग व योनी ही चिन्हे सांगितली जातात. मागे सिंह उभा आहे. कमळ हाती घेतलेली, हत्तींनी न्हाऊ घातलेली विष्णुपत्नी लक्ष्मी ती ही नव्हे, हे प्रथमदर्शनीच कळते.

या चिन्हांपैकी प्रत्येक सुटे करून पाहिले तर काय होते? म्हाळुंग हे बियांनी भरलेले फळ. सृष्टीची बीजे पोटात बाळगणाऱ्या शक्तीचे ते द्योतक मानले जाते. परंतु तेच फळ बौद्ध धनदेवता जंभल याच्या हाती असते, आणि त्याच्या नावाचा संबंधही या लिंबूवर्गीय फळाशी जोडला जातो. लकुलीश शिवाच्या हातीही म्हाळुंग असते. तेव्हा केवळ म्हाळुंग पाहून देवता ओळखू गेल्यास तीन वेगवेगळी उत्तरे हाती येतील आणि तिन्हींना आधार सापडेल.

नागाची गोष्ट याहून अवघड आहे. ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद, पार्श्वनाथांच्या मस्तकावरील धरणेंद्र, विष्णूचा शेष, शिवाच्या गळ्यातील वासुकी असा हा प्राणी सर्व परंपरांत सारख्याच सहजतेने वावरतो. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज राणीसह बसलेला आहे. कोल्हापूरच्या देवीच्या मस्तकावरील नागावरून ती पार्श्वनाथांची शासनदेवता पद्मावती असावी असे मत मांडले गेले आहे. हे मत हवेतून आलेले नाही. शिलाहारकाळात कोल्हापूर हे जैन धर्माचे महत्त्वाचे केंद्र होते, आणि गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने येथे जैन मंदिर उभारल्याचे कोरीव लेखांतून कळते. मात्र पद्मावतीच्या मूर्तींत पाश, अंकुश व कमळ ही चिन्हे सामान्यतः अपेक्षित असतात, आणि कोल्हापूरच्या मूर्तीत ती आढळत नाहीत.

याउलट म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र यांच्या जोडीला मस्तकी नाग, लिंग आणि योनी हा संपूर्ण संच सप्तशतीला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या प्रकरणातील महालक्ष्मीच्या वर्णनाशी जुळतो. तेथे महालक्ष्मी ही त्रिगुणात्मक आद्य शक्ती असून महाकाली व महासरस्वती तिच्यापासूनच प्रकट होतात. मंदिराची रचना याला पुष्टी देते. मुख्य गाभाऱ्याच्या दोन बाजूंना महाकाली व महासरस्वती यांचे गाभारे आहेत, तर देवीच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आहे. ग. ह. खरे यांनी 'महाराष्ट्राची चार दैवते' मध्ये आणि रा. चिं. ढेरे यांनी या देवीवरील स्वतंत्र ग्रंथात तिचा विचार केला आहे, तो अशाच समग्र दृष्टीने. संचावरून केलेली ओळख सुट्या चिन्हावरून केलेल्या ओळखीपेक्षा अधिक टिकाऊ ठरते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

अर्थात शास्त्रवर्णन आधी की मूर्ती आधी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. एखाद्या प्रसिद्ध स्थानमूर्तीचे वर्णन नंतर ग्रंथात नोंदले जाणे भारतीय मूर्तिशास्त्रात अशक्य नाही. ग्रंथ आणि मूर्ती एकमेकांशी जुळतात एवढे निश्चित म्हणता येते. त्यांतील जनक कोण हे त्या जुळण्यावरून सिद्ध होत नाही.

दगडाची झीज ही दुसरी अडचण. शतकानुशतकांच्या अभिषेकाने मूर्ती झिजली, तिच्यावर लेप देण्यात आले. २०१५ साली रासायनिक संवर्धन झाले तेव्हा मस्तकावरील नागचिन्हावरून उठलेला वाद कोल्हापूरकरांच्या स्मरणात आहे. जे चिन्ह झिजले आहे ते पूर्ववत घडवावे, की जसे उरले तसे राखावे, हा प्रश्न वरवर पाहता तंत्राचा वाटतो. भाविकांच्या दृष्टीने तो देवीच्या ओळखीचा असतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने पुराव्याचा. शिवाय भाविकाला ही चिन्हे एरवी दिसतच नाहीत. मूर्ती साडीने व अलंकारांनी झाकलेली असते. नवरात्रात तर रोज निराळ्या रूपात पूजा बांधली जाते. त्यामुळे लोकांच्या मनातील देवी दगडावरील चिन्हांपेक्षा या अलंकारपूजेने अधिक घडविली आहे. तिसरा घटक जो विधी, त्याचे बळ येथे प्रत्यक्ष दिसते.

नसलेल्या गोष्टींचे प्रतीक

कोरलेले चिन्ह जसे वाचावे लागते तसे न कोरलेलेही. सांची, भारहूत येथील प्राचीन शिल्पांत बुद्ध मानवी रूपात दिसत नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धर्मचक्र, पादुका आणि स्तूप यांतून त्याचे अस्तित्व सुचविलेले असते. आजूबाजूचे उपासक हात जोडून त्या रिक्त जागेकडे पाहत असतात. रिक्तता अर्थपूर्ण आहे याची साक्ष त्यांच्या नजरेतून मिळते.

खिद्रापूरलाही एक प्रसिद्ध अभाव आहे. शिवमंदिर असूनही कोपेश्वरासमोर नंदी नाही. सतीने दक्षाच्या यज्ञात देहत्याग केल्यावर कोपलेला शिव तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत घालावयास आलेला विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत ती या दोघांची. नंदी सतीला घेऊन गेला होता, म्हणून तो येथे नाही अशी कथा आहे. दोन्ही अभाव वरवर सारखे भासले तरी त्यांची जात वेगळी आहे. स्तूपावरील रिक्त आसन ही शिल्पीने विचारपूर्वक केलेली रचना असून ती अनेक स्थळी पुन्हा पुन्हा येते. खिद्रापूरचा अभाव एका स्थळापुरता आहे आणि त्याचा अर्थ कथेने सांगितला आहे. ती कथा सुंदर आहे, स्थानिक श्रद्धेचा ती महत्त्वाचा पुरावा आहे; बांधकामाच्या हेतूचा पुरावा म्हणून मात्र ती वापरता येणार नाही.

याच मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा असून त्याच्या मध्यभागी छताला सुमारे १३ फूट व्यासाची वर्तुळाकार मोकळी जागा आहे. बरोबर तिच्याखाली तशीच वर्तुळाकार शिला आहे, आणि भोवतीच्या खांबांच्या वरच्या भागात अष्टदिक्पाल वाहनांसह आहेत. होमाचा धूर बाहेर जावा म्हणून ही योजना, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण दिक्पालांची सोबत लक्षात घेतली तर खाली पृथ्वीची तबकडी, भोवती दिशा आणि वर प्रत्यक्ष आकाश अशी विश्वाची मांडणी येथे डोळ्यांपुढे उभी राहते. आकाश दगडात कोरण्याऐवजी शिल्पींनी ते मोकळेच ठेवले.

येथवरच्या विवेचनातून सर्व धर्मांची प्रतीके अखेर एकच, असा सोपा अर्थ काढणे चुकीचे होईल. स्तूपाच्या पोटात अस्थी किंवा धातू असतो आणि उपासक बाहेरून प्रदक्षिणा घालतो. गाभाऱ्यात प्राणप्रतिष्ठा केलेली देवता राहते, तिला उठविले जाते, न्हाऊ घातले जाते, नैवेद्य दाखविला जातो. प्रदक्षिणा दोन्हीकडे आहे, पण मध्यभागी काय आहे यात मूलभूत अंतर आहे. शिल्पींची शब्दसंपत्ती सामाईक होती, त्यातून रचलेली वाक्ये निरनिराळी होती.

अभ्यास सहलींच्या नोंदवह्यांत 'हत्तीचे शिल्प', 'नागाचे चिन्ह', 'कमळ' अशा नुसत्या याद्या असतात. त्याऐवजी शिल्प जमिनीपासून किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेच्या भिंतीवर आहे, डाव्या-उजव्या बाजूस काय आहे, ते झिजले आहे की फुटले आहे, त्याला शेंदूर लागतो का, आणि स्थानिक लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात, एवढे टिपले तरी पुष्कळ साध्य होईल. खिद्रापूरसाठी असे काम तातडीचे आहे. तेथील अनेक शिल्पे भग्न आहेत, आणि मंदिर कृष्णेच्या अगदी काठावर असल्याने पुराचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचते. दक्षिण दारापाशी यादव राजा सिंघण याच्या काळातील शके ११३६ चा देवनागरी लेख आहे. विद्यार्थ्यांना तो वाचून दाखविता येतो, आणि त्यानंतर गजथराकडे वळल्यास पितळखोऱ्याचे छायाचित्र सोबत असणे उपयुक्त ठरते.